जुन्या मोटरहोममधील बॅटऱ्या पूर्ण चार्ज होत नाहीत. दोष कुठे शोधावा?

शिरपूरकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आमचे मोटरहोम टेम्पो ट्रॅव्हलरच्या लांब चासीवर २००९ साली बांधलेले आहे. आम्ही ते आधीच्या मालकाकडून घेतले, त्यामुळे आतील वायरिंग कोणी आणि कोणत्या हिशेबाने केले याचा एकही कागद आमच्याकडे नाही. इंजिनाची बॅटरी पुढे आहे. राहण्याच्या भागासाठी मागच्या पलंगाखालच्या खोक्यात १२ व्होल्टच्या, १५० अँपिअर-तासांच्या दोन ट्युब्युलर (नळीदार प्लेटांच्या शिसे-ॲसिड) बॅटऱ्या समांतर जोडलेल्या आहेत. त्या तीन मार्गांनी चार्ज व्हाव्यात अशी रचना आहे. गाडी चालताना अल्टरनेटरकडून एका रिलेमार्फत (विजेवर चालणाऱ्या स्विचमार्फत), छतावरील १०० वॅटच्या दोन सौर पॅनेलांकडून पीडब्ल्यूएम कंट्रोलरमार्फत (सौर चार्जिंगच्या साध्या नियंत्रकामार्फत), आणि मुक्कामी २३० व्होल्टची जोडणी मिळाली तर जुन्या, जड ट्रान्सफॉर्मरच्या चार्जरमार्फत.

अडचण अशी की तिन्ही मार्ग असूनही बॅटऱ्या कधीच भरत नाहीत. शिरपूरहून शहाद्यामार्गे तोरणमाळला पोहोचेपर्यंत इंजिन अखंड चाललेले असते, तरी वर गेल्यावर तासाभराने मोजले तर १२.३ व्होल्टच मिळतात. रात्री फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताच दिवे मंदावतात, आणि पहाटेपूर्वी फ्रिज स्वतःहून बंद पडतो. मे महिन्यात भर दुपारी, कडक उन्हात, सौर कंट्रोलरवरचा करंट सकाळपेक्षा कमी दिसतो, हे तर मला अजिबात उमगलेले नाही. रावेरकडे नातेवाइकांच्या मळ्यात चार्जर रात्रभर लावून ठेवला, तो गुणगुणत राहिला आणि बॅटऱ्या १३.१ व्होल्टच्या वर गेल्या नाहीत. गाडी काही दिवस उभी राहिली की आता इंजिनाची बॅटरीसुद्धा उतरू लागली आहे.

बॅटरी विक्रेत्यांचे म्हणणे असे की दोन्ही ट्युब्युलर बॅटऱ्या बाद झाल्या असून त्या बदलाव्यात. त्या गेल्या वर्षीच घेतलेल्या आहेत, त्यामुळे मन मानत नाही. माझ्याकडे मल्टीमीटर आहे, क्लॅम्प मीटर (वायर न सोडवता करंट मोजणारा चिमटा) मित्राकडून मिळू शकेल, आणि वायरिंगला हात लावण्याची तयारी आहे. मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजारासाठी काही दिवस मुक्काम करण्याचा वडिलांचा आग्रह आहे. तिथे विजेची जोडणी मिळेलच असे नाही, आणि वडिलांचे इन्सुलिन फ्रिजमध्ये असते. म्हणून हा फ्रिज रात्रभर चालणे आमच्यासाठी अत्यावश्यक आहे. तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

भुसावळ_दिवाबत्ती

शिरपूरकर भाऊ, नमस्कार. बॅटऱ्या बदलण्याची घाई करू नका. मी रेल्वेत डब्यांच्या दिवाबत्ती विभागात नोकरी केली. तिथे बॅटरीला दोष देण्यापूर्वी तिच्यापर्यंत वीज नीट पोहोचते की नाही हे आधी मोजले जाई. तुमची लक्षणे वाचून माझा संशय बॅटरीपेक्षा तिच्याकडे येणाऱ्या वाटांवर अधिक आहे, कारण तीन स्वतंत्र मार्गांपैकी एकही तिला भरू शकत नाही. नव्या बॅटऱ्या याच वाटांवर बसवल्या तर वर्षभरात त्यांचीही हीच गत होईल. शिशाची बॅटरी अर्धवट चार्ज राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते आणि तिची क्षमता कायमची घटते.

तरीही बॅटऱ्यांची खरी अवस्था कळल्याशिवाय पुढचे आकडे वाचता येणार नाहीत. दोन्ही बॅटऱ्या एकमेकींपासून सोडवा, एखाद्या चांगल्या बॅटरीवाल्याकडे बाहेरच्या चार्जरने एकेक पूर्ण भरून घ्या आणि रात्रभर काहीही न जोडता ठेवा. सकाळी १२.५ ते १२.६ व्होल्ट मिळाले तर ठीक. १२.२ च्या आसपास मिळाले तर ती अर्धीच भरली आहे असे धरा. मात्र व्होल्टेजवर थांबू नका, हायड्रोमीटरने, म्हणजे ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने, सहाही सेल मोजा. आपल्याकडील ट्युब्युलर बॅटरी पूर्ण भरल्यावर ॲसिडची घनता २७ अंशांना साधारण १.२४० असते. आपल्या भागात ॲसिड सहज ४० अंशांच्या पुढे जाते आणि गरम ॲसिडची घनता कमी दिसते, म्हणून दर १० अंशांमागे ०.००७ मिळवून मग निष्कर्ष काढा. आकड्यापेक्षा सेलांमधील फरक महत्त्वाचा असतो. पाच सेल सारखे आणि एक ०.०३० ने खाली असेल, तर तो सेल आजारी आहे. सहाही सेल सारखेच खाली असतील, तर बॅटरी उपाशी आहे, बाद नाही.

आता गाडी चालतानाच्या वाटेकडे वळू. बहुतेक जण वायर शाबूत आहे का एवढेच पाहतात, तेही इंजिन बंद असताना. अशा वेळी गंजलेला जोडसुद्धा मीटरवर निर्दोष दिसतो, कारण त्यातून करंटच वाहत नसतो. म्हणून बॅटऱ्या निम्म्या उतरलेल्या असताना इंजिन सुरू करून १५०० च्या आसपास फेऱ्यांवर स्थिर ठेवा आणि मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर लावा. प्रथम अल्टरनेटरचा जाड टर्मिनल आणि त्याचीच बॉडी यांच्यात मोजा; १४.१ ते १४.४ मिळायला हवेत. ते मिळाले तर अल्टरनेटर निर्दोष आहे. मग मागच्या बॅटऱ्यांच्या टर्मिनलांवर मोजा. मीटरची टोके शिशाच्या खांबावरच टेकवा, थिंबलवर (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवर) नको. या दोन आकड्यांत जो फरक येईल तेवढे व्होल्ट वाटेत कुठेतरी खर्च होत आहेत.

ते कुठे खर्च होतात हे शोधण्यासाठी मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या जाड टर्मिनलवर आणि दुसरे रिलेच्या येणाऱ्या बोल्टवर ठेवा. त्या तुकड्यात किती व्होल्ट पडतात ते थेट दिसेल. नंतर रिलेच्या दोन जाड बोल्टांमध्ये मोजा, आणि मग रिलेपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत. शेवटी मागच्या बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि अल्टरनेटरची बॉडी यांच्यात अवश्य मोजा. हे शेवटचे मोजमाप लोक टाळतात आणि जुन्या गाड्यांत दोष बहुधा तिथेच निघतो. निगेटिव्ह वायर चासीला ज्या बोल्टने जोडतात त्याच्याखाली रंग, गंज आणि धूळ यांचा थर बसलेला असतो. पॉझिटिव्हकडील सर्व तुकड्यांत मिळून ०.३ व्होल्टपेक्षा आणि निगेटिव्हकडे ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त जात असेल, तर तिथे काम करावे लागेल. हे मोजताना क्लॅम्प मीटरने करंटही नोंदवा, कारण त्याच्याशिवाय पडलेल्या व्होल्टचा अर्थ लागत नाही.

इंजिनाची बॅटरी का उतरते याचाही तपास रिलेपाशीच सुरू करा. इंजिन बंद करून काही वेळाने दोन्ही बाजूंच्या बॅटऱ्यांचे व्होल्टेज वेगवेगळे घ्या. रिले खरोखर सुटला असेल तर दोन आकडे क्वचितच तंतोतंत जुळतात. जुळत असतील, तर रिलेचे संपर्कबिंदू चिकटलेले असण्याची शक्यता आहे, आणि मग रात्री तुमचा फ्रिज इंजिनाच्या बॅटरीवरही चालत असतो.

बॅटरीच्या खोक्याजवळ काम करताना खिडक्या-दारे उघडी ठेवा, अंगठी आणि कडे काढून ठेवा आणि सर्वांत आधी निगेटिव्ह सोडा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि त्याला पान्याची एक ठिणगीही पुरते.

जळगाव_सौर

दिवाबत्तीवाल्या काकांनी सांगितलेल्या क्रमाशी मी पूर्ण सहमत आहे, म्हणून केवळ सौर पॅनेलांविषयी लिहितो. दुपारी करंट कमी होणे हा तुमच्या पॅनेलांचा बिघाड नसावा. आपल्या हवेत १२ व्होल्टच्या जुन्या पद्धतीच्या रचनेची मर्यादाच तिथे उघडी पडते.

१०० वॅटचे तुमचे पॅनेल ३६ सेलांचे असणार. त्याच्या पाठीवरील पट्टीवर सर्वाधिक शक्तीचे व्होल्टेज साधारण १८ लिहिलेले असेल, पण तो आकडा सेलचे तापमान २५ अंश असतानाचा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे हवेचेच तापमान ४३ ते ४५ अंश असते. छताला चिकटून बसवलेल्या पॅनेलच्या पाठीला हात टेकवत नाही, कारण तिथे ६५ ते ७० अंश सहज होतात. प्रत्येक अंशामागे हे व्होल्टेज साधारण ०.४ टक्के घटते. ४५ अंशांची वाढ धरली तर १८ टक्के गेले आणि १८ व्होल्टचे १४.७ च्या आसपास उरले. छतापासून कंट्रोलरपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची वायर जाऊन-येऊन १० मीटर असेल, तर ११ अँपिअरला तिच्यातच सुमारे ०.८ व्होल्ट पडतात, आणि कंट्रोलरमध्ये आणखी थोडे. बॅटरीपाशी १३.६ ते १३.७ एवढेच पोहोचतात. पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलला सरळ बॅटरीशी जोडतो, व्होल्टेज वाढवणे त्याच्या हाती नसते. त्यामुळे बॅटरीचे व्होल्टेज वर चढू लागले की करंट झपाट्याने ढासळतो. सकाळी पॅनेल थंड असते, म्हणून कोवळ्या उन्हातही तुम्हाला बरा आकडा दिसतो.

उपाय करताना एक बारकावा लक्षात घ्या. नुसता एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलचे जास्तीचे व्होल्टेज उतरवून करंट वाढवणारा) आणून पॅनेल आहेत तसेच समांतर ठेवले, तर उन्हाळ्यात फारसा लाभ होणार नाही, कारण त्यालाही खाली उतरवण्यासाठी वरचे व्होल्टेज लागते. दोन्ही पॅनेल एकामागे एक जोडा. मग उन्हातही २९ व्होल्टच्या आसपास मिळतील, वायरमधला करंट निम्मा होईल आणि कंट्रोलरला हवे तेवढे व्होल्टेज हाताशी राहील. कंट्रोलरची कमाल व्होल्टेज मर्यादा मात्र पाहून घ्या, कारण थंडीतल्या सकाळी करंट वाहत नसताना दोन पॅनेलांचे मिळून ४५ व्होल्टच्या पुढे जातात. पॅनेल आणि छत यांच्यात चार बोटांची मोकळी जागा ठेवून वारा खेळू द्या; तापमानात खरोखर फरक पडतो. छतावरील सामानाच्या कॅरिअरची सावली पॅनेलवर पडत असेल तर कॅरिअर हलवा.

कंट्रोलर घेताना बॅटरीला चिकटवण्याचा तापमानाचा सेन्सर असलेलाच घ्या. २५ अंशांना १४.४ व्होल्ट योग्य असतात. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी प्रत्येक अंशामागे साधारण ०.०२४ व्होल्ट कमी करावे लागतात, म्हणजे ४० अंशांच्या बॅटरीला १४.० पुरेत. हे सांभाळले नाही, तर वाटा दुरुस्त झाल्यावर उलट बाजूने हानी सुरू होईल. पाणी लवकर आटेल आणि पलंगाखाली वायू जास्त निघेल.

रावेर_केळीबाग

आपण आमच्याच भागातील मळ्यात चार्जर लावला होता, म्हणून लिहितो. शेतीपंप सुरू झाले की आमच्याकडे व्होल्टेज २३० वरून २०० ते २१० पर्यंत उतरणे ही रोजची गोष्ट आहे, आणि ओळीच्या शेवटच्या मळ्यात त्याहूनही खाली जाते. तुमचा ट्रान्सफॉर्मरचा जुना चार्जर बाहेर किती व्होल्ट द्यायचे हे स्वतः ठरवत नाही. आत येते त्याच प्रमाणात तो बाहेर देतो. २३० ला तो १४.४ देत असेल, तर २१० ला साधारण १३.१ देईल, आणि आपण नेमका हाच आकडा लिहिला आहे. चार्जर चालू असताना प्लगपाशी व्होल्टेज मोजून खात्री करा. मग त्याच्या जागी रुंद पल्ल्याचा, टप्प्याटप्प्याने चार्ज करणारा एसएमपीएस (बाहेरचे व्होल्टेज स्वतः स्थिर राखणारा इलेक्ट्रॉनिक) चार्जर घ्या. त्यावर लेड-ॲसिडची निवड असावी आणि करंट २० ते ३० अँपिअर असावा. १५० च्या दोन बॅटऱ्यांना तेवढा पेलतो.

मळ्यातील जोडणीबाबत मला आणखी एक गोष्ट तळमळीने सांगायची आहे. पंपाच्या शेडमध्ये पुष्कळदा फेज आणि न्यूट्रल एवढेच असते. अर्थिंग नावापुरते किंवा मुळीच नसते. मोटरहोमची बॉडी लोखंडी आहे आणि ती रबरी चाकांवर उभी आहे. आतल्या चार्जरमध्ये गळती झाली तर ओल्या जमिनीवर उभे राहून दरवाज्याला हात लावणाऱ्याच्या अंगातूनच वीज जमिनीत जाईल. गाडीत येणाऱ्या २३० च्या वायरीवर सर्वांत आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवा आणि मुक्कामी पोहोचल्यावर त्याचे टेस्ट बटण दाबून पाहा. न्यूट्रल आणि गाडीची बॉडी एकमेकांना कधीही जोडू नका. तीन फेजच्या स्टार्टरमधून जोडणी घेणे तर कटाक्षाने टाळा. तिथे न्यूट्रल सुटला तर २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात.

अमळनेरकर

माझ्या मते या सर्व खटाटोपापेक्षा लिथियम फॉस्फेटची एक बॅटरी घ्यावी. वजन निम्म्याहून कमी होते, पाणी घालावे लागत नाही आणि ती लवकर भरते.

भुसावळ_दिवाबत्ती

अमळनेरकर, लिथियमचे गुण मला मान्य आहेत. परंतु या गाडीत आज ती बसवणे मला धोक्याचे वाटते. ती अल्टरनेटरकडून मिळेल तेवढा करंट बराच वेळ एकसारखा ओढते. जुना अल्टरनेटर कमी फेऱ्यांवर, घाटात, गरम हवेत तसा चालला तर त्याचे डायोड आणि वेटोळे जळू शकतात. म्हणून तिच्यासाठी करंटवर मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर मध्ये लागतोच. शिवाय अनेक उत्पादकांनी चार्जिंगसाठी ४५ अंशांची, काहींनी ५५ अंशांची मर्यादा दिलेली आहे. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या पलंगाखाली ४५ अंश केव्हाच ओलांडले जातात, मग बॅटरीच स्वतःचे चार्जिंग थांबवते. गंजलेला बोल्ट तर लिथियमलाही तसाच नडेल.

शिरपूरकर (मोजमापे)

आपण सर्वांनी इतके तपशीलवार लिहिले याबद्दल मनापासून आभार. सुचवलेल्या क्रमाने मोजमापे घेतली ती देतो.

बॅटऱ्या बाहेर पूर्ण भरून घेतल्यावर पहिलीचे सहाही सेल १.२३० ते १.२४० मिळाले. दुसरीचे पाच सेल तसेच आहेत, पण एका टोकाचा सेल १.२१५ वर आहे. तापमानाची भर सर्वांना सारखीच घातली आहे.

इंजिन चालू असताना अल्टरनेटरपाशी १४.२ व्होल्ट आणि मागच्या बॅटऱ्यांवर १२.७ व्होल्ट मिळाले, म्हणजे दीड व्होल्टचा फरक. क्लॅम्प मीटरवर करंट २२ अँपिअर होता. अल्टरनेटर ते रिले ०.२, रिलेच्या दोन बोल्टांमध्ये ०.३५, रिले ते बॅटरी ०.२५, आणि निगेटिव्हकडे बॅटरीच्या खांबापासून अल्टरनेटरच्या बॉडीपर्यंत ०.७. बेरीज बरोबर दीड होते.

निगेटिव्हची वायर खोक्याच्या मागे चासीच्या एका बोल्टला जोडलेली आहे. खोक्याची हवा बाहेर नेणारी नळी निसटून तोंड त्याच बोल्टकडे वळले होते. बोल्टवर पांढरट-हिरव्या भुकटीचा जाड थर होता. थिंबल हाताने फिरवले तर ते सैल फिरले आणि त्याच्या गळ्याशी वायरीच्या तारा काळ्या पडून तुटलेल्या होत्या. रिलेचे झाकण काढले तर तांब्याचे दोन्ही संपर्कबिंदू खडबडीत, जळालेले होते. इंजिन बंद असताना दोन्ही बाजूंना १२.३१ व्होल्ट असा तंतोतंत सारखा आकडा होता. रिलेवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकले, टक् असा आवाज झाला आणि इंजिनाच्या बॅटरीचा आकडा लगेच वर सरकू लागला. या रिलेला किल्ली फिरवताच वीज मिळते.

सर्व दिवे बंद असतानाही मागच्या बॅटऱ्यांतून १.१ अँपिअर जात आहेत. इन्व्हर्टरची वायर काढली की तो आकडा ०.१ होतो. आता वायर कोणत्या जाडीची घ्यावी, आणि रिले तसाच नवा बसवावा काय?

भुसावळ_दिवाबत्ती

भाऊ, मोजमापे उत्तम घेतली आहेत आणि त्यांतून जवळजवळ सगळी कथा उलगडते. तुमच्या बॅटऱ्या ठेवा. दुसरीतील टोकाचा सेल इतरांपेक्षा ०.०२० च्या आसपासच खाली आहे. वाटा दुरुस्त झाल्यावर बॅटरीवाल्याकडून एकदा इक्वलायझिंग चार्ज (सर्व सेल सारखे व्हावेत म्हणून दिलेला जादा चार्ज) देऊन घ्या आणि महिन्याभराने तोच सेल पुन्हा मोजा. फरक वाढत गेला तरच तिचा विचार करू.

सर्वांत मोठा चोर निगेटिव्हचा बोल्ट आहे. खोक्यातील ॲसिडची वाफ थेट त्याच्यावर येत होती, म्हणून नळी आधी नीट बसवून तिचे तोंड गाडीच्या खाली, बोल्टांपासून दूर न्या. बोल्ट आणि आजूबाजूचा पत्रा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, मात्र ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. यापुढे निगेटिव्हसाठी चासीवर विसंबू नका. मागच्या बॅटरीपासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत पॉझिटिव्हच्याच जाडीची स्वतंत्र तांब्याची केबल ओढा. तुमच्या गाडीत एका बाजूची लांबी ७ मीटर धरली तर जाऊन-येऊन १४ मीटर होते. २५ चौरस मिलिमीटरची केबल घेतल्यास ४० अँपिअरला सुमारे ०.४ व्होल्ट पडतील, ३५ ची घेतल्यास ०.३. शक्य असेल तर ३५ घ्या. बॅटरी भरत आली की करंट कमी होतो आणि वाटेत पडणारे व्होल्टही आपोआप कमी होतात, त्यामुळे जुन्या वायरीवरसुद्धा बॅटरी कधीतरी भरली असती. परंतु त्याला दिवसभराचा प्रवास लागला असता, आणि तोरणमाळपर्यंतचे अंतर तेवढे नाही. थिंबल हायड्रॉलिक क्रिम्परनेच दाबून घ्या. हातोडीने चेपलेले थिंबल पुन्हा असेच होईल.

केबलच्या दोन्ही टोकांना, प्रत्येक बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत, ८० ते १०० अँपिअरचा फ्यूज लावा. एका टोकाला लावून चालणार नाही. केबल मध्येच कुठे चासीला घासून शॉर्ट झाली तर दोन्ही बाजूंच्या बॅटऱ्या तिच्यात करंट ओततील.

रिले तसाच नवा बसवू नका. किल्ली फिरवताच तो जोडला जातो, म्हणून स्टार्टर मारताना मागच्या बॅटऱ्याही त्याच्यातून स्टार्टरला करंट पुरवत होत्या आणि त्यानेच त्याचे संपर्कबिंदू भाजले. चिकटलेले बिंदू रात्री सुटत नव्हते, हेच तुमच्या इंजिनाच्या बॅटरीचे दुखणे होते. त्याच्या जागी व्होल्टेज पाहून जोडणारा, किमान १०० अँपिअर अखंड पेलणारा रिले घ्या. असे रिले साधारण १३.३ व्होल्टला जोडतात आणि १२.८ ला सुटतात. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर काम करू लागल्याशिवाय तो जोडलाच जाणार नाही. तुमची गाडी २००९ ची असल्याने अल्टरनेटरचे व्होल्टेज नव्या गाड्यांसारखे संगणकाच्या हुकमाने खाली-वर होत नाही, म्हणून हा साधा रिले पुरेल.

इन्व्हर्टर रिकामा असतानाही १ अँपिअर खातो, म्हणजे दिवसाला २४ अँपिअर-तास. त्याला हाताशी एक स्वतंत्र आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) लावा आणि टीव्ही किंवा मिक्सर लागेल तेव्हाच सुरू करा. उरलेला ०.१ बहुधा गॅसच्या अलार्मचा असेल. तो बंद करू नका.

राहिला फ्रिज. तो पहाटेपूर्वी बंद पडतो याचे कारण केवळ उतरलेली बॅटरी नसावे. कॉम्प्रेसर चालू असताना फ्रिजच्या मागच्या टर्मिनलांवर आणि त्याच क्षणी बॅटरीवर मोजा. त्याला १.५ चौरस मिलिमीटरची वायर सहा मीटर लांब ओढलेली असेल तर ५ अँपिअरला ०.७ व्होल्ट तिथेच जातात. मग बॅटरी ११.७ वर असतानाच फ्रिजला ११ व्होल्ट दिसतात आणि त्याचे संरक्षण त्याला बंद करते. बॅटरीपासून थेट ६ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र जोडी, १५ अँपिअरच्या फ्यूजसह, फ्रिजपर्यंत न्या. वाटेत इतर कोणताही दिवा किंवा पंप तिच्यावर जोडू नका. सारंगखेड्याला निघण्यापूर्वी घरासमोर गाडी उभी करून, इंजिन आणि चार्जर बंद ठेवून फ्रिज एक संपूर्ण रात्र चालवा आणि पहाटे त्याच्या टर्मिनलांवरचा आकडा इथे लिहा. इन्सुलिन त्या रात्री घरातल्या फ्रिजमध्येच राहू द्या.